उचल

२०२० च्या जूनमध्ये शाळा भरली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. औंढा तालुक्यातल्या आमच्या गावात बहिणीच्या घरी तेव्हा बटणाचा फोन होता आणि भाचा सातवीत. दाजींनी मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली अन् किराण्याच्याही आधी स्मार्टफोन आणला. पोराचं वर्ष बुडू नये म्हणून. 'असर' या शैक्षणिक पाहणीत घरी स्मार्टफोन असलेली ग्रामीण भारतातली शाळकरी मुलं २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. त्या वाढीत मला उचलीचे पैसे दिसतात.

दसरा झाला आणि बहीण-दाजींचा कोयता कारखान्यावर गेला. भाचा आजीपाशी राहिला. अभ्यास दुपारीच संपायचा. पण फडात मोळ्या बांधून, गाडी भरून मायबापांना कोपीवर यायला रात्रीचे दहा-अकरा होत. मग टोळीतल्या कुणाच्या तरी फोनवरून माय दिसायची. तोवर पोरानं जागं राहायचं कसं? गेम खेळत. पुढं माय बोलून झोपली, तरी याचा डाव चालूच.

४ ऑक्टोबर २०२१ ला गावातल्या शाळा उघडल्या. दसऱ्यानंतर मायबाप पुन्हा कारखान्यावर गेले अन् हा वर्गात पेंगायचा. मी रागानं फोन काढून घेतला, तर त्याच्या आजीनं, म्हणजे बहिणीच्या सासूनं, मला विचारलं, "तिकडून फोन आला अन् लागलाच नाही, तर लेकरानं कुणाकडं बघावं?" दुसऱ्या दिवशी फोन परत दिला. व्यसन म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो, याची मला आजही लाज वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात. त्या गावाबद्दल मला फार आदर आहे. आपल्याकडंही असा भोंगा हवा, असं मनापासून वाटतं. पण दिवाळीनंतर आमच्या गल्लीत सातला कितीतरी दारांना कुलूप असतं. मोबाईल ठेवून पोरानं बोलायचं ते कुणाशी?

फोन परत दिला त्या हंगामात मी एवढंच केलं, की हळद शिजवायला त्याला रात्री सोबत नेऊ लागलो. कुकरच्या वाफेत उभं राहून तो शेंगा दाबून बघायचा, शिजल्या की कच्च्या ते सांगायचा. फोन माझ्या खिशात असे. अकराच्या सुमाराला तो वाजला, की धावत यायचा आणि पिवळ्या हातांनीच उचलायचा.