कापलेला पट्टा

चित्रकलेच्या रसग्रहणाचे वर्ग मी बरीच वर्षं घेतेय. रेनेसाँसवरचा माझा तास ठरलेला असायचा. सुरुवात फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीपासून. तिथल्या बाप्तिस्मागृहाचं त्यानं एका फळीवर चित्र काढलं आणि फळीला मधोमध भोक पाडलं. बघणाऱ्यानं फळीच्या मागे उभं राहून भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं. आभाळाच्या जागी रंग नव्हताच, घासून चकचकीत केलेली चांदी होती, त्यामुळे खरे ढग चित्रात सरकताना दिसायचे. हे सांगताना मला अजूनही काटा येतो. मग १४३५ सालचा आल्बेर्तीचा ग्रंथ, डोळा आणि वस्तू यांच्यामधल्या किरणांचा त्याचा पिरॅमिड, मासाच्चोचं ‘ट्रिनिटी’. निष्कर्ष तयारच असे: प्रकाशाचं गणित हाती आलं आणि चित्रकला अंधारातून बाहेर पडली.

मग एक स्लाइड फेरारा शहरातल्या स्किफानोइया महालाची. ड्यूक बोर्सो देस्तेनं १४७०च्या सुमारास तिथलं दालन बारा महिन्यांच्या भित्तिचित्रांनी रंगवून घेतलं. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे. वर रोमन देवतांची मिरवणूक, खाली बोर्सोचा दरबार, शिकारी, द्राक्षवेली छाटणारे शेतकरी. मधल्या गडद निळ्या पट्ट्यात रास आणि तिच्या तीन भागांचे तीन अधिपती. मी मधला पट्टा कापून टाकला होता. वर्गाला वाटायचं, चित्रात दोनच पट्टे आहेत.

का कापला? स्वतःला सांगायची, वेळ कमी असतो. ते खरं नव्हतं. माझ्या आतेबहिणीची पत्रिका ‘कडक मंगळा’ची निघाली आणि चांगली चालून आलेली स्थळं एकामागून एक परत गेली. तेव्हा मी कॉलेजात होते. रास, ग्रह, पत्रिका हे शब्द त्या घरातल्या रडण्याशी माझ्या डोक्यात कायमचे जोडले गेले. पुढे जयंत नारळीकरांनी ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली आणि त्यांची भाकितं छापा-काट्याच्या पलीकडे गेली नाहीत, तेव्हा मला जो आनंद झाला त्यात विज्ञानप्रेम किती आणि सूड किती, हे सांगणं अवघड आहे. त्या सुडाची किंमत मात्र पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्राकडून वसूल करायचं मला काही कारण नव्हतं.

या सवयीला तडा गेला तो आबी वार्बुर्गमुळे. या जर्मन कलेतिहासकारानं १९१२ साली रोमच्या परिषदेत याच मधल्या पट्ट्यांचं कोडं उलगडलं. त्याचं व्याख्यान मी वाचत होते ते खरं तर वरच्या मिरवणुकीसाठी. मार्च महिन्यात, मेष राशीच्या पहिल्या भागावर, एक काळासावळा माणूस उभा आहे. अंगावर फाटकी पांढरी वस्त्रं, कमरेला दोरी बांधलेली आणि दोरीचं टोक त्याच्याच हातात. हा कोण, याचा माग काढत वार्बुर्ग नवव्या शतकातल्या बगदादच्या अबू माशरपर्यंत पोचतो. अबू माशरनं अशा अधिपतींची भारतीय परंपरेतली यादी दिलेली आहे. तिथून आणखी मागे वार्बुर्ग जातो तो थेट उज्जैनच्या वराहमिहिरापर्यंत.

मी पुस्तक मिटलं. पटलंच नाही. म्हटलं, हा युरोपीय विद्वानांचा पूर्वेबद्दलचा भाबडेपणा असणार. पण मग पडताळून बघायला हवं, आणि त्यासाठी वराहमिहिराचं बृहज्जातक हवं. माझ्या कपाटात ते असण्याची शक्यताच नव्हती. आमच्याच इमारतीत पत्रिका बघणारे एक काका राहतात. जिन्यात भेटले की मी कामापुरतं हसून पुढे सरकत असे. त्यांच्याकडे गेले. “कुणाची पत्रिका बघायचीय का?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, पुस्तक हवंय. त्यांनी मराठी टीकेची जुनी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. “वाचा सावकाश. परत द्यायची घाई नाही.” कशाला हवंय, हे विचारलंसुद्धा नाही.

राशीच्या तीन भागांवरचा द्रेष्काणाध्याय काढला. छत्तीस आकृतींमधली पहिलीच: कमरेला पांढरं वस्त्र, वर्ण काळा, डोळे लाल, हातात उगारलेला परशू. उज्जैनकडचा सहाव्या शतकातला हा माणूस वाटेत परशू गमावून, दोरी कमावून इटलीतल्या एका ड्यूकच्या भिंतीवर जाऊन उभा राहिला होता, आणि मी त्याला कापून काढत होते.

पहिल्यांदा काय वाटलं? अभिमान. तोच फुकटचा अभिमान, ज्याची मी आयुष्यभर टिंगल केली. वार्बुर्गच्या पुढच्याच पानांनी तो उतरवला: राशीचे हे तीन भाग मुळात इजिप्तचे, ग्रीकांमार्फत आपल्याकडे आलेले; आणि वार्बुर्गच्या मते त्या परशूवाल्याच्या मागेही ग्रीकांचा पर्सियस आहे. मग अभिमानाच्या जागी लाज उरली. ब्रुनेलेस्कीच्या मागे उभ्या असलेल्या इब्न अल-हैथमचं नाव मी वर्गात कौतुकानं घेत होते. त्याच्या प्रकाशशास्त्रातले उतारेच्या उतारे फ्लॉरेन्सचा शिल्पकार गिबेर्ती यानं आपल्या लिखाणात घेतले, हेही सांगत होते. म्हणजे बगदाद, कैरो, बसरा मला चालत होतं. उज्जैन मात्र चालत नव्हतं, कारण उज्जैन आमच्या घरात येऊन रडवून गेलं होतं.

आणि माझे दोन कप्पे तरी कुठे खरे होते? नवव्या शतकातल्या अल-किंदीनं किरण सरळ रेषेत कसे जातात याची भूमिती मांडली. त्याच्याच नावावर आणखी एक ग्रंथ आहे, त्यात ताऱ्यांपासून आणि प्रत्येक वस्तूपासून किरण निघतात आणि जगावर परिणाम करतात असं म्हटलंय. तेराव्या शतकात रॉजर बेकननं प्रकाश कसा पसरतो यावरूनच ग्रहांचा प्रभाव कसा पसरत असेल ते समजावलं. या लोकांसाठी प्रकाश आणि ग्रह हे एकाच अभ्यासाचे विषय होते. अबू माशरबद्दल तर सांगतात की आधी तो अल-किंदीच्या विद्येचा कट्टर विरोधक होता. किंदीनं त्याला गणिताची गोडी लावली आणि तिथून तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर ज्योतिषाकडे वळला. माझा प्रवास त्याच दिशेचा, पण त्याच्याइतका लांबचा नाही.

मार्चचं ते चित्र फ्रान्चेस्को देल कोस्साचं. १४७० साली त्यानं ड्यूकला पत्र लिहून तक्रार केली, की फुटामागे दहा बोलोनीनी हा दर आपल्याला आणि कुणाही सामान्य मदतनिसाला सारखाच कसा. दर वाढला नाही, तो बोलोन्याला निघून गेला. खालच्या पट्ट्यात त्यानं कमानींचं पर्स्पेक्टिव्ह चोख बांधलंय. मधल्या पट्ट्यात खोली जवळजवळ नाहीच, निळ्या सपाटीवर आकृती. याच माणसाला दोन्ही येत होतं, आणि कुठे काय वापरायचं ते कळत होतं.

आता स्लाइड पूर्ण दाखवते. दरवेळी कुणीतरी विचारतंच, “म्हणजे मॅडम, ज्योतिषात तथ्य आहे तर?” मी नाही म्हणते, नारळीकरांची चाचणी सांगते. समोरचा चेहरा पडतो. त्या चेहऱ्याशी आणखी चार वाक्यं बोलायला हवीत हे कळतं, तरी माझा हात पुढच्या स्लाइडकडे जातोच.