घरचं माप

आजीच्या मशीनच्या खणात टेप असायची. कापड मात्र ती वितीनं मोजायची. झबल्याची उंची एक वीत चार बोटं, बाहीचा घेर अंगठा-तर्जनी जुळवून होईल तेवढा, कुंचीला हातभर कापड. मिरजेच्या त्या घरात कुणाची मापं वहीत लिहिलेली नव्हती, तिला ती पाठ होती. थोरल्या काकांचा उजवा खांदा किंचित उतरता, आईची मान बारीक, चुलतभावाचे हात अंगाच्या मानानं लांब. कात्री कापडाला लागण्याआधी माणूस तिच्या नजरेखालून जायचा. "सरळ उभी राहा गं. श्वास रोखू नकोस, मोकळा सोड," असं म्हणत ती माझ्या पाठीवरून तळहात फिरवायची आणि तो हात मानेपासून कमरेपर्यंत पोचेस्तोवर माझा फ्रॉक तिच्या मनात बेतून झालेला असायचा.

घरच्या शिवणकामाचा विचार करते तेव्हा मला सगळ्यात आधी तिची ती नजर आठवते. टीप सरळ पडली का, गळा नीट बसला का, हे सगळं त्यानंतरचं. कुणासाठी काही शिवायचं तर आधी त्या माणसाकडे पुरतं पाहावं लागतं. तो कसा बसतो, कुठे अवघडतो, त्याला काय टोचतं, येत्या वर्षात तो किती वाढेल, हे सगळं त्या पाहण्यात येतं. एकाच घरात राहणारी माणसंसुद्धा एरवी एकमेकांकडे इतक्या सावकाश पाहत नाहीत.

या नजरेची खरी परीक्षा तान्ह्या बाळापाशी व्हायची. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. त्यामुळे जन्म आणि बारसं यांच्यामधल्या दिवसांत आजीच्या मशीनला उसंत नसे. बाळाचे पहिले कपडे जुन्या कापडाचे. कपाटातून मऊ पडलेलं सुती लुगडं निघायचं, आजोबांचं विरलेलं धोतर निघायचं. नव्या कापडात खळ असते, सूत ताठ असतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतातली खळ केव्हाच गेलेली असते, धाग्याचा पीळ सैलावलेला असतो, ते पाणी चटकन टिपतं आणि कोवळ्या कातडीला घासत नाही. धोतराची लंगोटी, लुगड्याचं दुपदरी दुपटं, त्याच्या कडेला वेगळ्या रंगाचा गोट. झबल्याला गुंड्या नसत, बंद असत, कारण बंद हवे तसे सैल-घट्ट करता येतात आणि निजलेल्या बाळाच्या पाठीला रुतत नाहीत. शिवण ती बाहेरच्या अंगाला ठेवायची. हे उलटं का, असं विचारल्यावर तिनं झबलं माझ्या गालाला लावलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. "कळलं? बघणाऱ्याला दिसली तर दिसू दे. घालणाऱ्याला टोचता कामा नये."

दोन्ही कडांना दोन बोटं माया असायची. महिन्याभरात बाळ अंग धरायचं. मग ती टीप उसवायची, माया मोकळी करायची आणि तेच झबलं पुन्हा अंगाला बसायचं. आज दुकानातल्या छोट्या कपड्यांची आतली बाजू पाहिली की शिवणीला लागून कापड संपलेलं दिसतं. बाळ वाढलं की तो कपडा त्याच्या अंगाला होत नाही. घरच्या कपड्यात वाढीचा विचार पहिल्या दिवसापासून धरलेला असे.

कुंची मात्र बारशाची, म्हणून ती नव्या खणाची. डोक्यावर बसणारा टोपीसारखा भाग, मागे पाठीवर उतरलेला पदर, कपाळाशी चुण्यांची झालर, हनुवटीखाली बंद. सगळी हुशारी चुण्यांत. त्या मानेशी दाटल्या तर बाळ डोकं वळवताना रडतं, विरळ पडल्या तर कुंची डोळ्यांवर घसरते. खणाला आतून मऊ जुन्या सुताचं अस्तर लागायचंच, कारण खणाच्या आतल्या अंगाला धागे मोकळे राहतात आणि बाळाच्या बोटात किंवा कानाशी अडकू शकतात. हा खण यायचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. पन्हा जेमतेम तीसेक इंचांचा, दोन्ही बाजूंना काठ, विक्रीला त्रिकोणी घडी घातलेला. मिरजेच्या बाजारात कर्नाटकातला हा माल शेजारच्या अंगणातून आल्याइतका सहज मिळायचा. चोळी बेतून उरलेल्या खणाचा एकही तुकडा आजी टाकत नसे. मोठा तुकडा कुंचीला, त्याहून लहान बटव्याला, अगदी चिंचोळी पट्टी उरली तर ती पोथीच्या बासनाच्या कडेला.

सण आले की या कामाला वेगळा उत्साह चढायचा. श्रावण संपता संपता पोळ्यासाठी गावाकडच्या बैलांच्या झुली दुरुस्तीला यायच्या. भाद्रपदात गौरींच्या कापडी हातांत नवा कापूस भरायचा, मनगटं शिवून घ्यायची, म्हणजे बांगड्या नीट बसतात. दसऱ्याआधी दाराचं कापडी तोरण निघायचं. त्याची उसवलेली पानं, सुटलेले मणी, गळालेले गोंडे दुपारभर बसून पक्के करायचे. आम्हा मुलांच्या वाटणीला धावदोरा यायचा. टाका लहान-मोठा पडला तरी आजी उसवायची नाही, फक्त दोऱ्याची गाठ तपासायची. गाठ पक्की असली की बाकीचं हाताला वळण लागलं की सुधारतं, असा तिचा विश्वास होता.

सगळ्यांत मन लावून ती शिवायची संक्रांतीचं झबलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बोरन्हाणं होतात. बाळाला काळं अंगडं घालून हलव्याचे दागिने चढवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, उसाचे करवे ओततात. पौषातल्या थंडीत काळा रंग ऊब धरतो आणि पांढरा हलवा त्यावर उठून दिसतो. आमच्या घरी हे काळं कापड यायचं चंद्रकळेतून. आईला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मिळालेली चंद्रकळा वापरून विरली, तेव्हा आजीनं तिचा धडका भाग निवडला. लुगडं मध्यावर विरतं, काठाशी आणि आतल्या घडीत चांगलं राहतं. प्रकाशासमोर धरलं की कुठलं सूत तग धरेल ते दिसतं. तिथून तिनं माझ्या धाकट्या भावाचं झबलं बेतलं. त्यावरचे पांढरे ठिपके छातीवर नेमके मधोमध यावेत म्हणून ती कापड किती वेळ फिरवत बसली होती! हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवून ती माळ कापडी पट्टीवर टाचायची. नुसत्या दोऱ्यात ओवलेला हलवा मानेला काचतो. बाजूबंदाची पट्टी पुन्हा वितीनंच मोजलेली, म्हणजे बाळाचा दंड आवळला जाऊ नये. बोरन्हाण घटकाभराचं. तेवढ्या वेळापुरतासुद्धा बाळाला कुठे काच बसू नये, याची तिला काळजी.

देवघरासाठीसुद्धा ती याच रीतीनं शिवायची. आजोबांची गोमुखी मला चांगली आठवते. जपाची माळ धरलेला हात आत झाकला जावा म्हणून केलेली ती कापडी पिशवी. तिचा आकार गाईच्या मुखासारखा निमुळता, हात शिरतो तिथे रुंद. उतारवयात आजोबांची बोटं सांध्यांत ताठरली, तेव्हा तिनं जुनी गोमुखी बाजूला ठेवून नवी शिवली. तोंड दोन बोटं अधिक रुंद आणि आत मऊ मांजरपाटाचं अस्तर. आजोबांनी काही मागितलं नव्हतं. माळ ओढताना त्यांचा हात अडतो, हे तिनं देवघराच्या उंबऱ्यातून पाहिलं होतं.

वाकळ हा या सगळ्याचा मोठा संसार. पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, आमच्या भागात वाकळ. चैत्र-वैशाखात उन्हाळ्याची दुपार लांबली की सोप्यात खाली एक धड लुगडं अंथरायचं, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, वर पुन्हा लुगडं, चार कोपऱ्यांवर चार वजनं. मग दाभण घेऊन कडेनं सुरुवात. शेजारच्या काकू, मावशी, आत्या चारी बाजूंनी बसायच्या आणि धावदोरा घालत आत आत सरकायच्या. टाक्यांच्या ओळी जवळजवळ असाव्या लागतात. जुनं कापड एका जागी फाटलं की फाट पुढे पुढे जाते. दाट ओळी असल्या की ती दोन ओळींमध्येच थांबते, शेतातली माती बांधानं थांबावी तशी. थरांमध्ये हवा अडकून राहते, तिनंच ऊब येते. लांबी ठरायची ती पांघरणाऱ्यावरून. पायाशी दुमडायला हातभर जादा. काका उंच, म्हणून त्यांच्या वाकळेला आणखी वीतभर. आत्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायची, तिची वाकळ चौरस. झोपेतलं माणूसही आजीला असं माहीत होतं.

महात्मा गांधींचं एक बोलणं वाचलं तेव्हा मला आजीची फार आठवण झाली. १९०९ मध्ये 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका तरुणाशी झालेल्या संवादात शिवणयंत्राला अपवाद ठरवलं. 'यंग इंडिया'त तो संवाद छापून आला. हातानं टाके घालत बसलेल्या बायकोचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून सिंगरनं हे यंत्र घडवलं, अशी त्यांची समजूत होती. इतिहासातली हकिगत निराळी आहे. एलियास होवेनं १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं, आयझॅक सिंगरनं १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचं घेतलं आणि मग त्यांच्यात खटले चालले. तरीही गांधीजींची कसोटी मला खरी वाटते. एखादी वस्तू कुणाच्या मायेतून घडली, तिनं कुणाचा भार हलका झाला, हे त्यांनी आधी पाहिलं. आजीचं पायाचं मशीन त्याच कसोटीला उतरणारं होतं. पट्ट्याला तेल लागू नये म्हणून ती जुनं फडकं खाली धरायची, शटलमधली धूळ पिसानं काढायची आणि रात्री त्यावर झाकण घातल्याशिवाय झोपायची नाही. ते मशीन तिनं कधी स्वतःसाठी चालवलेलं मला आठवत नाही. तिच्या चोळ्या ती हातानंच शिवायची, दुपारी, सगळ्यांचं झाल्यावर. याचं मला आज वाईट वाटतं. सगळ्यांची मापं जिला पाठ, तिचं माप आमच्यापैकी कुणी घेतलं नाही.

आता ते मशीन माझ्याकडे आहे. भाचीला परदेशात मुलगी झाली, तेव्हा माझी बहीण बाळंतपणाला निघाली. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, खारकांची पूड आणि मी शिवलेली दुपटी-झबली गेली. पण संक्रांत आली तेव्हा बाळ मोठं झालेलं, आणि मी ते पाहिलेलं फक्त मोबाईलच्या पडद्यावर. भाची म्हणाली, "मावशी, वय सांगते, त्या मापाचं शिव." मी तिला बाळ निजवायला लावलं आणि खांद्यापासून मांडीपर्यंत वीत टाकायला सांगितली. दोन विती आणि तीन बोटं भरली. तिची वीत माझ्याहून आखूड आहे हे मला ठाऊक होतं. लहानपणी तिच्या बांगड्या मीच भरून आणत असे. तेवढी सूट धरली, दंडाचा घेर विचारून घेतला, मग आईच्याच चंद्रकळेचा उरलेला तुकडा काढला. पार्सल पोचलं आणि रथसप्तमीच्या आत तिकडे बोरन्हाण झालं. बोरं मिळाली नाहीत, द्राक्षं ओतली. झबलं अंगाला चोख बसलं होतं, आणि कडेला दोन बोटं माया होती.

तयार कपड्यांनी आपलं जगणं सोपं केलं आहे. घाईच्या दिवसांत तेच उपयोगी पडतात, ते घेऊ नयेत असं मी कुणाला सांगणार नाही. त्यांची मापं मात्र अनोळखी माणसांच्या सरासरीवरून काढलेली असतात. वर्षातून एकदा, एखाद्या सणाला, एखादी वस्तू तरी घरी शिवावी. आईच्या औषधांसाठी तिला चष्म्याशिवाय उघडता येईल असा बटवा, वडिलांसाठी त्यांच्या मानेला पुरेल एवढाच कापूस भरलेली उशी, भाचरासाठी काळं झबलं, आणि रोज सगळ्यांसाठी राबणाऱ्या बाईसाठी तिच्या मापाचं काहीही. मुलींइतकंच मुलांनाही सुईत दोरा ओवायला बसवावं. धावदोरा एका दुपारीत येतो, उलटी टीप आठवड्याभरात. ज्याच्यासाठी शिवायचं त्याला आधी समोर बसवावं, त्याचे खांदे, मनगटं, मान डोळे भरून पाहून घ्यावी आणि मगच कात्री उचलावी. घरातल्या प्रत्येक माणसाचं माप घरातल्या कुणाला तरी पाठ असावं, एवढं मला मनापासून वाटतं.