दारामागची भिंत

नव्या घरात पाऊल टाकलं की मी आधी दार सताड उघडून भिंतीला टेकवते आणि त्यामागे किती भिंत झाकली जाते ते बघते. त्या अडीच-तीन फुटांच्या पट्ट्यात कपाट बसत नाही, खुर्ची मावत नाही. तिथे नांदू शकतं ते फक्त चित्र, तेही भिंतीला अगदी चिकटून.

ही नजर मला वरळीच्या बीडीडी चाळीने दिली. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. मोरी, ओटा, पलंग, वर पोटमाळा. भिंतीचा इंच न् इंच कामाचा. समोरच्या भिंतीवर देवांच्या आणि आजोबांच्या तसबिरी असत. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली, वरची दोरीने पुढे झुकवलेली. मागच्या पोकळीत विजेची बिलं खोचलेली आणि एखाद्या वर्षी चिमणीचं घरटंही. अशी झुकती तसबीर दारामागे चालत नाही, पहिल्याच धक्क्याला काच फुटते. शिवाय आजीचा दंडक होता, देव आणि पितर दाराआड जायचे नाहीत.

म्हणून ती भिंत बाबांच्या वाट्याला आली. दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’चे जुने अंक बाबा रद्दीवाल्याकडून आणत. त्यातलं एक मुखपृष्ठ, लाल काठाच्या पिवळ्या साडीतल्या बाईचं, त्यांनी फ्रेम करून घेतलं. काँक्रीटच्या भिंतीत खिळा वाकायचा. बाबांनी छिन्नीने भोक पाडून त्यात लाकडी गुटका ठोकला आणि गुटक्यात स्क्रू पिळला. चौकट जेमतेम अर्ध्या इंचाची, दोरीऐवजी मागे पत्र्याची कडी. दाराची कडी जिथे भिंतीला लागायची तिथे त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. मग दार कितीही जोरात उघडलं तरी ती बाई सुखरूप.

चाळीत दार पहाटे पाणी आलं की उघडायचं, ते रात्री निजानीज झाल्यावरच बंद व्हायचं. त्यामुळे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आमच्याकडे हे चित्र आहे याचा पत्ताच नसे. रात्री कडी लागली की ते घरच्यांसमोर यायचं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी तिच्या साडीचा काठ डोळ्यांनी गिरवायचे.

आणखी एक गोष्ट मला पुढे उमगली. उजेडात छपाईतले पिवळे आणि लाल रंग आधी उडतात, निळा मागे उरतो. खिडकीजवळच्या कॅलेंडरांवरच्या लक्ष्मी-सरस्वती वर्षभरात निळसर पडायच्या. दाराआडच्या बाईचा काठ मात्र आजीचे केस पांढरे झाले तरी लालच होता. शेजाऱ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या दारानेच तिला सावली दिली होती.

लग्नानंतर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी ते चित्र बाबांकडून मागून आणलं आणि तसंच दारामागे लावलं. इथलं दार कायम बंद. चित्र दिवसभर समोर असायचं, तरी माझे डोळे त्यावर थांबेनासे झाले. बाल्कनीचा उजेड थेट त्याच्यावर पडायचा आणि काही वर्षांत पिवळा रंग विटला. तेव्हा बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर बसवून घेतलं. आता लाकडी दार सकाळभर उघडं असतं. शेजारच्या काकू जाळीतूनच हाक मारतात, त्यांची नात चप्पल न घालताच आत येते. चित्र दाराआड जातं आणि संध्याकाळी पुन्हा पाहावंसं वाटतं.

बीडीडीचा पुनर्विकास होऊन आता तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. कुणी नव्या घरात दारामागे काय लावू असं विचारलं, तर मी मनापासून सांगते: आधी स्टॉपर बसवा. चौकट पातळ घ्या, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावा. चित्र पाहुण्यांना दाखवायचं नको, तुम्हाला रोज बघावंसं वाटेल असं निवडा. आणि दार रोज थोडा वेळ तरी उघडं ठेवा. तेवढा वेळ रंग टिकतात आणि घरात माणसं येतात.