मल्लय्याची भेट
सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे 12व्या शतकातले शिवयोगी. कथा सांगते, बाळपणी ते रानात गुरे राखत असताना एक जंगम आला, नाव मल्लय्या. मुलाने त्याला हुरडा दिला. पाहुण्याने मग दहीभात मागितला. मुलगा घरून तो घेऊन परतला, तर रानात कोणीच नव्हते. मल्लय्याला हाका मारत तो यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोहोचला. तिथले शिवाचे, म्हणजे मल्लिकार्जुनाचे, लिंग दाखवूनही त्याचे समाधान होईना. त्याला तोच भुकेला माणूस हवा होता. कथेचे सारे बळ या निरागस हट्टात आहे. अखेर तो भेटेना म्हणून मुलगा कड्यावरून उडी घेत असताना मल्लिकार्जुनाने त्याला सावरले आणि गावी परत धाडले. पुढे सिद्धरामांनी सोलापुरात तलाव खोदवला, 68 लिंगे स्थापली.