नाक्यावरचा द्राक्षमळा

गावातील माणसे एकमेकांना कोणत्या पायरीवर बसवितात हे पाहायचे असेल, तर सकाळी मजुरांच्या नाक्यावर जावे. आमच्या वसई-विरार पट्ट्यात असे नाके अनेक आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत पावसावरचे भात आणि नागली वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळीनंतर तेथील आदिवासी कुटुंबे खाली उतरतात आणि बहुधा होळीला गावी परततात.

मोटारसायकल थांबते, भोवती दहाजण गोळा होतात. गिऱ्हाईक दंड न्याहाळतो, तरणे निवडतो आणि भाव पाडतो. साठीच्या गृहस्थाला विशीतला मुलगा 'ए, चल' म्हणतो. आपल्या डॉक्टरांशी तो असे बोलणार नाही. मराठीत आदर क्रियापदातच वसतो. त्यामुळे अनादरही लपत नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात प्रभू येशूने असाच नाका रंगविला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून पाच वेळा बाजारात जातो. दिवस मावळत आला तरी उभे असलेले सांगतात, की त्यांना कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांनाही एक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी देतो. या दाखल्यावर प्रवचन झाले की कोणीतरी हमखास विचारतो, "फादर, दिवसभर राबलेल्यांवर हा अन्याय नव्हे का?" त्या शेवटच्यांच्या मुलांनी रात्री काय खाल्ले असते, हे मात्र मला अद्याप कोणी विचारलेले नाही. आमच्या नाक्यावर दहानंतर उरतात तेच हे शेवटचे: म्हातारा, अशक्त, तान्हे मूल कडेवर असलेली बाई. त्यांना आपण आळशी म्हणतो. वस्तुतः त्यांना कोणी निवडलेले नसते.

"आम्ही कोठे जबरदस्ती करतो? भाव त्यांनीच मान्य केला," असेही ऐकू येते. या युक्तिवादाला पोप तेरावे लिओ यांनी 15 मे 1891 च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात उत्तर दिले आहे. मजुराचा निर्वाह होईल इतकी मजुरी हा न्याय कराराच्याही वरचा आहे आणि गरजेपोटी दिलेली संमती मुक्त संमती नव्हे, अशी त्यांची शिकवण आहे. 2025 साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले.

1996 च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळांची तरतूद केली आणि नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याची अट घातली. परंतु ज्याचा मालक रोज बदलतो, त्याने इतक्या दिवसांचा पुरावा गोळा करावा कसा? केलेल्या कामाचे दिवस कागदावर लिहून त्यावर सही करणे, एवढे तर आपल्याला जमेल. त्याचे नाव विचारणे, घरच्याच कपात चहा देणे आणि अनुवादाच्या ग्रंथातील आज्ञेप्रमाणे सूर्यास्तापूर्वी मजुरी हातावर ठेवणे, हेही जमेल.

नव्या घराच्या आशीर्वादासाठी मला बोलावणे येते. भिंती कोणी रचल्या, असे मी यजमानांना विचारतो. ठेकेदाराचे नाव त्यांना पाठ असते. पुढची नावे बहुधा ठाऊक नसतात. अलीकडे मी त्यांना आधीच एक विनंती करतो: त्या दिवशीच्या पंगतीत भिंती रचणाऱ्यांनाही बोलवा, आणि आपल्या पाहुण्यांच्या शेजारीच बसवा.