तीन फ्रँक तासाची शिकवणी

१९०२ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या एका स्थानिक पत्रात चिमुकली जाहिरात छापून आली. गणित आणि भौतिकशास्त्र अगदी कसून शिकवले जाईल, चाचणीचे तास मोफत! जाहिरात देणारा होता २२ वर्षांचा अल्बर्ट आइनस्टाइन.

झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून शिक्षकाची पदविका घेऊन त्याला दीड वर्ष उलटले होते. पण कायमची नोकरी नव्हती. विंटरथूरच्या शाळेत काही महिने बदली शिक्षक, मग शाफहाउझेनमध्ये एका मुलाची परीक्षेची तयारी करून घेणे, असे दिवस चालले होते. तिकडे आजच्या सर्बियात माहेरी गेलेल्या मिलेवाला जानेवारीत मुलगी झाली होती. दोघांचे लग्न झाले नव्हते आणि घरच्यांचा कडक विरोध होता. पेटंट कचेरीतली जागा मिळेल, असा भरवसा मित्र मार्सेल ग्रॉसमनच्या वडिलांच्या शब्दामुळे वाटत होता, पण तोवर खायचे काय? तेव्हा शिकवणी!

ईस्टरच्या सुट्टीत मॉरिस सोलोव्हिन हा रुमानियन विद्यार्थी जाहिरात वाचून दारात उभा राहिला. तो तत्त्वज्ञान शिकत होता, पण भौतिकशास्त्राखेरीज ते पोकळ वाटत होते. दोघे बोलत बसले ते दोन तास. निरोप द्यायला आइनस्टाइन रस्त्यापर्यंत आला आणि तिथेही अर्धा तास गेला! तिसऱ्या भेटीत शिक्षकानेच सांगून टाकले की शिकवणीची गरज नाही, गप्पा अधिक रंगतात. वाटेल तेव्हा येत जा. तासाला तीन फ्रँकांचा हिशेब तिथेच संपला. व्यवहाराच्या दृष्टीने हा शिक्षक अगदीच कच्चा म्हणायचा. याहून चौकाचौकात व्हायोलिन वाजवून पोट भरणे सोपे, असे तो स्वतःच थट्टेने म्हणे.

शिकवण्याची ही तऱ्हा त्याने बहुधा लहानपणीच पाहिली होती. म्युनिकला त्यांच्या घरी दर गुरुवारी माक्स टालमुड नावाचा गरीब वैद्यकीय विद्यार्थी जेवायला येई. येताना तो विज्ञानाची पुस्तके आणी. अल्बर्ट बारा वर्षांचा असताना त्याने भूमितीचे पुस्तक दिले. पोरगा एकेक प्रमेय सोडवून गुरुवारी दाखवू लागला आणि थोड्याच काळात गणितात टालमुडच्या पुढे गेला! मग टालमुडने तत्त्वज्ञानाकडे मोर्चा वळवला. फी नाही, छडी नाही. जेवणाच्या ताटाभोवती चाललेली ती शिकवणीच होती.

बर्नमध्येही तेच घडले. कॉनराड हाबिख्ट येऊन मिळाला आणि तिघांनी थट्टेने आपल्या मंडळाला ‘ऑलिंपिया अकादमी’ नाव दिले. ह्यूम, माख, प्वाँकारे यांची पुस्तके वाचायची. कधी एका पानावर, कधी एका वाक्यावर कित्येक दिवस वाद. जेवणाला सॉसेज, चीज, फळे, चहा. २३ जून १९०२ ला पेटंट कचेरीची नोकरी सुरू झाली, वर्षाला ३५०० फ्रँक. तरी संध्याकाळच्या बैठका चालूच राहिल्या.

एका वाढदिवसाला मित्रांनी मोठ्या हौसेने महागडे कॅव्हिआर आणून ताटात वाढले. आइनस्टाइन गॅलिलिओच्या जडत्वाच्या नियमावर बोलत होता. बोलता बोलता त्याने सगळे फस्त केले. आपण काय खाल्ले, हे मित्रांनी विचारल्यावर त्याच्या ध्यानात आले!