कांद्याची चाळ

नात यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की तिला समोर ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि घरात रिकामी मीच. मी मराठीची बी.ए., त्यामुळे ती 'मायटोकॉन्ड्रिया' म्हणाली की मी मनात 'तंतुकणिका' म्हणून घेते. एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे आपली आंतर्द्रव्यजालिका. (दोन्ही म्हणताना कवळी सांभाळावी लागते!)

परवा पेशीतल्या श्वसनाची उजळणी चालली होती. ग्लुकोजचे आधी पेशीद्रव्यात दोन तुकडे होतात, तिथे एटीपीचे निव्वळ २ रेणू हाती लागतात. पुढचं काम तंतुकणिकेत, ऑक्सिजन वापरून. मी ऐटीत म्हटलं, "एकूण ३८." तर म्हणाली, "आजी, ते जुनं. आता ३० ते ३२ धरतात." घ्या, इथेही घसरण!

मग ती सहज बोलून गेली, "आणि वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं असली तरी तंतुकणिका असतातच. मुलं इथेच मार्क घालवतात."

मी गप्प झाले.

१९८४ साल. नाशिक जिल्ह्यातली शाळा. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून नववीचा तास माझ्याकडे. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून मुलांना विटांच्या भिंतीसारख्या पेशी दाखवल्या. खरं तर मीही त्या तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. मग फळ्यावर दोन रकाने आखून लिहिलं: प्राणी - तंतुकणिका, वनस्पती - हरितलवके.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, पण कांद्यात हिरवं काहीच नाही. मग त्याला शक्ती कुठून? चाळीत हवा खेळली नाही तर कांदा तापतो, त्याला घाम सुटतो. म्हणजे तो श्वास घेतो ना?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायला काय हरकत होती? पण "जास्त शहाणपणा नको" म्हणून त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. नंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ते माझ्या तेव्हाही लक्षात आलं होतं.

आणि त्याचंच बरोबर होतं. त्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात, तंतुकणिका असतात. उपटल्यावरही कांदा जिवंत असतो, साठवलेली साखर जाळतो, उष्णता आणि वाफ बाहेर टाकतो. म्हणून तर चाळ जमिनीपासून उचलून, फटी ठेवून बांधतात. शेतकऱ्याच्या पोराला हे घरूनच ठाऊक होतं.

नातीने खटपट करून त्या बॅचच्या ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला. फोनवर सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं. थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बाई, मी माझ्या पोरालाही तेच सांगितलं होतं. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ना."

चाळीत माल भरायचा चालला होता. माणसं खोळंबलीत म्हणाला आणि फोन ठेवला.